फजरचे दुखणे, इशाचे दुखणे

मशिदीत मागच्या ओळीला ज्या चार-पाच खुर्च्या असतात, त्या कोणाच्या हे मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक असते. एक गुडघे गेलेल्या हाजीसाहेबांची, एक बायपास झालेल्या चाचांची, एक कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या मामूंची. गेल्या रमजानमध्ये तिथे आणखी एक खुर्ची आली आणि तिच्यावर सत्तावीस वर्षांचा एक तरुण बसू लागला. आमच्या मुलाने घरी येऊन हे सांगितले, तेव्हा त्याच्या बोलण्यात थोडी थट्टा होती. "अम्मी, फजरला हा खुर्चीवर आणि जोहरला सर्वांबरोबर सफमध्ये उभा! सजदाही नीट करतो. खरंच दुखत असतं तर दुपारीही दुखलं असतं ना? लोक हसतात त्याला."

आम्ही नाव विचारले आणि गप्प झालो. तो आमचा विद्यार्थी होता.

दहा वर्षांपूर्वी अकरावीला तो आमच्या वर्गात होता. पहिल्या तासाला हमखास उशीर. सकाळच्या परिपाठाला उभा राहिला की कधी या पायावर भार, कधी त्या पायावर. बाकावरून उठताना म्हाताऱ्यासारखा टेबलाला धरून उठायचा. एकदा आम्ही रागावून कारण विचारले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, सकाळी कंबर धरते. दुपारपर्यंत सुटते." आम्ही म्हणालो, "तुझ्या वयात कंबर? कंबर आमची धरायला हवी!" वर्ग हसला. त्याने पुन्हा कधी हा विषय काढला नाही.

'सकाळी धरते, दुपारपर्यंत सुटते.' या चार शब्दांत त्याने आपला आजार जवळजवळ पुरता सांगून टाकला होता. ऐकणाऱ्याला तो कळला नाही. कळायला पुढे नऊ वर्षे गेली आणि तोवर त्याच्या कमरेचे खालचे मणके जुळून गेले होते. हा महिना आम्ही या आजारासाठी राखून ठेवला आहे तो यामुळे. आम्ही डॉक्टर नाही. पण या आजाराची पहिली शंका दवाखान्यात नव्हे, घरात यायला हवी, आणि घरातल्या माणसाला ती येऊ शकते.

आजाराचे नाव ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मराठीत याला सर्वमान्य नाव नाही, उर्दूतही नाही. दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या आम्हाला ही अडचण फार जाणवते. आपल्याकडे सांध्यांचे काहीही झाले की 'वात' किंवा 'गठिया', आणि मानेचे काहीही झाले की 'स्पॉन्डिलायटिस'. गळ्यात पट्टा बांधलेल्या ज्या खालाजान आपल्याला 'स्पॉन्डिलायटिस झालाय' म्हणून सांगतात, त्यांना बहुतेक वेळा स्पॉन्डिलोसिस असतो, म्हणजे वयानुसार मणक्यांची झीज. हा आजार अगदी वेगळा. इथे झीज नाही, दाह आहे. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात साधारणपणे पाठीच्या कण्याच्या तळाशी होते, जिथे कणा कमरेच्या हाडांना दोन बाजूंनी जोडलेला असतो तिथे. हाडांना जिथे अस्थिबंध चिकटतात तिथे सूज येते, सूज बरी होताना तिथे नवे हाड तयार होते, आणि असे वर्षानुवर्षे चालले तर एक मणका दुसऱ्याला जोडला जातो. कण्याची साखळी असते ती काठी होते.

फार पुढे गेलेल्या रुग्णाच्या एक्सरेला डॉक्टर 'बांबू स्पाइन' म्हणतात, कारण चित्रात मणके बांबूच्या पेरांसारखे दिसतात. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी ट्रकच्या ट्रक बांबू जाताना पाहिलेल्या आपल्या भागात ही उपमा लगेच समजते. फक्त एक फरक. जंगलातला बांबू वाऱ्याने वाकतो. हा वाकत नाही, आणि अपघातात पटकन मोडतो.

आता प्रश्न असा, की हा आजार आपल्याकडे ओळखू का येत नाही? आमच्या मते त्याचे कारण आपल्या जिल्ह्यांची मेहनत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कंबर दुखत नाही असा माणूस शोधावा लागेल. पावसाळ्यात बायका दिवसभर बांधीत वाकून धानाची रोवणी करतात. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायची, मग तेंदूपाने तोडायची आणि मुडके बांधायचे. खाणीतले काम, वीटभट्टी, हमाली, खड्ड्यांतून मोटरसायकल. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून काम करते. तिथल्या संशोधकांनी खेड्यांत पाहणी करून कंबर-पाठीचे दुखणे हा इथल्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे मांडले. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारीही तिथे येऊन रुग्ण पाहत आले आहेत. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवण या गावी घरोघर जाऊन जी पाहणी सुरू केली, तिच्यातही लोकांच्या तक्रारींत सांधे आणि स्नायूंची दुखणी अगदी वर होती. म्हणजे दुखणाऱ्या कमरा भरपूर आणि त्या गर्दीत हा एक आजार दडलेला. तो फार मोठ्या संख्येने नाही. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून साडेबत्तीस लाखांहून अधिक होती. दोन हजारांत एक जरी धरला तरी सोळाशे माणसे होतात. त्यांतल्या कितींना आपल्या दुखण्याचे नाव माहीत असेल?

गर्दीतून त्याला वेगळा कसा काढायचा? कुठे दुखते हे विचारून उपयोग नाही, सर्वांची कंबरच दुखते. कधी दुखते हे विचारा. नमाजी घरात घड्याळही लागत नाही.

मेहनतीने दुखणारी कंबर सकाळी बरी असते. दिवसभर वाकून, ओझे उचलून ती संध्याकाळकडे दुखू लागते, इशापर्यंत ठणकते, आणि रात्री पाठ टेकली की सुटते. हे इशाचे दुखणे. दाहाची कंबर याच्या नेमकी उलट. रात्रीच्या उत्तरार्धात, दोन-तीनच्या सुमारास ती माणसाला जागे करते. कूस बदलताना जीव जातो. उठून घरात चार फेऱ्या मारल्या की जरा बरे वाटते. फजरला ती सर्वांत जास्त आखडलेली असते. रुकूत हात गुडघ्यापर्यंत जात नाहीत, सजद्यातून उठताना भिंत धरावी लागते. ही आखडण अर्धा तास, कधी दोन-दोन तास टिकते. मग हालचाल होईल तशी कंबर मोकळी होते, आणि जोहरला तोच माणूस सर्वांबरोबर सफमध्ये उभा असतो. आमच्या मुलाला ज्यात ढोंग दिसले, तेच या आजाराचे सर्वांत मोठे लक्षण आहे.

जगभरच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये अशा दुखण्यासाठी पाच गोष्टी ठरवून दिल्या. दुखणे चाळिशीच्या आत सुरू झाले का? ते हळूहळू, नकळत सुरू झाले का, म्हणजे 'अमुक दिवशी पोते उचलले आणि उसण भरली' असा दिवस सांगता येत नाही असे? हालचालीने, व्यायामाने बरे वाटते का? पडून राहिल्याने बरे वाटत नाही ना? रात्री दुखून जाग येते आणि उठल्यावर कमी होते का? कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखते आहे आणि या पाचांपैकी चार उत्तरे 'होय' आली, तर दुखणे दाहाचे असण्याची शक्यता बरीच आहे. एवढ्यावरून निदान होत नाही, पण नागपूरला जाण्याचे भाडे खर्च करायला एवढे कारण पुरेसे आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत काय काय झाले ते त्याच्या आईकडून आम्ही सविस्तर ऐकले. ईदनंतर आम्ही मुद्दाम त्यांच्या घरी गेलो होतो.

बारावीनंतर तो अब्बांच्या टायरच्या दुकानात बसू लागला. कंबर दुखते म्हटल्यावर सर्वांनी टायरला दोष दिला. डॉक्टरांनी एक्सरे काढला, पट्टा दिला, 'गादी थोडी दबली आहे' म्हणून सांगितले आणि तीन आठवडे पूर्ण विश्रांती. आईने मायेने त्याला खाटेवरून उठू दिले नाही, जेवणाचे ताटही हातात नेऊन दिले. तीन आठवड्यांनी तो पूर्वीपेक्षा जास्त आखडून उठला. या आजारात पडून राहणे हे विष आहे, हे त्या माउलीला कोण सांगणार? "मॅडम, मीच त्याला झोपवून ठेवलं," हे वाक्य ती आमच्यासमोर तीनदा म्हणाली.

मग कोणीतरी एका खेड्यातल्या माणसाकडे नेले. तो पुड्या द्यायचा. पुडी घेतली की दोन दिवसांत कंबर मोकळी, भूक भरपूर, चेहरा गोल. बंद केली की पुन्हा जैसे थे. अशा पुड्यांत बहुधा स्टेरॉइड मिसळलेले असते. या आजाराच्या कण्यावर पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडचा खरा फायदा नसतो, आणि हाडे ठिसूळ, साखर वाढलेली हा तोटा मात्र पदरात पडतो. नंतर तावीज झाले, हिजामा झाला, एका पहिलवानाकडून पाठीला झटके देऊन झाले. हिजामाबद्दल लोकांची श्रद्धा आहे, तिच्यात आम्ही पडत नाही. पण त्याने मणके जुळणे थांबत नाही, तेव्हा त्यासाठी औषध सोडू नये. झटक्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. ज्याला हा आजार आहे किंवा असण्याची शंका आहे, त्याने कोणाकडूनही पाठ-मान मोडून घेऊ नये. केस कापल्यावर सलूनमध्ये मान कडकन वळवतात तीसुद्धा नाही.

पाचव्या वर्षी त्याचा उजवा डोळा लाल झाला. डोळे आले असतील म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. काही महिन्यांनी डावा. तिसऱ्या वेळी दुखणे सहन होईना, उजेडाकडे पाहवेना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळा तपासला, थेंब लिहून दिले आणि मग विचारले, "कंबर दुखते का? सकाळी जास्त?" आई म्हणते, आम्ही डोळा दाखवायला गेलो होतो, हे कंबर का विचारतात ते कळेना. त्या डॉक्टरांनीच नागपूरला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तरी पैशांची जमवाजमव, बहिणीची परीक्षा, अब्बांचे ऑपरेशन यात पुढची वर्षे गेलीच. निदान झाले गेल्या वर्षी.

डोळ्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी. या आजाराच्या चारांपैकी निदान एका रुग्णाला केव्हा ना केव्हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा दाह होतो. डोळे येतात तेव्हा चिपडे येतात, चुरचुरते, बहुधा दोन्ही डोळ्यांना होते आणि घरातल्या इतरांनाही लागते. हा दाह साधारणपणे एकाच डोळ्याला, अचानक होतो. चिपडे नसतात, ठणका असतो, उजेड टोचतो, धूसर दिसते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

कंबर आणि डोळा एवढ्यावर हा आजार थांबत नाही. कुल्ल्यात दुखते, कधी उजव्या तर कधी डाव्या, आणि 'सायटिका' म्हणून त्यावर वर्षभर उपचार होतात. त्याचे ते परिपाठात पाय बदलत उभे राहणे आम्हाला आता समजते. टाच दुखते, विशेषतः सकाळी पहिले पाऊल टाकताना. एखादाच गुडघा किंवा घोटा सुजतो. खोल श्वास घेताना, शिंकताना बरगड्यांत कळ येते. काहींना सोरायसिस असतो, काहींना वर्षानुवर्षे पोटात मुरडा आणि रक्ताचे जुलाब. लहान वयात सुरू झाला तर खुब्याचे सांधे लवकर धरतात. आणि थकवा, जो कोणाला दिसत नाही. घरात वडील, मामू, भाऊ यांपैकी कोणाची पाठ तरुणपणीच वाकली होती का, हेही विचारावे.

घरी करण्यासारख्या दोन साध्या तपासण्या आहेत. भिंतीला टाचा आणि पाठ लावून सरळ उभे राहावे, समोर बघावे, डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का ते पाहावे. दुसरी, शिंप्याच्या टेपने छाती मोजावी, आधी पूर्ण श्वास सोडून, मग पूर्ण भरून. फरक अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बरगड्यांचे सांधे आखडले असावेत. पण या खुणा आजार पुढे गेल्यावर दिसतात. डोके भिंतीला टेकले म्हणून निश्चिंत होऊ नये.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. पूर्वी डॉक्टरही समजत की हा पुरुषांचा आजार, दहा पुरुषांमागे एखादी स्त्री. आता कळले आहे की दोन-तीन पुरुषांमागे एक स्त्री असते. तिचे निदान आणखी उशिरा होते, कारण तिच्या कमरेला कारणे आधीच तयार असतात. लग्नाआधी 'पाळीमुळे', लग्नानंतर 'बाळंतपणामुळे', आणि सिझर झाले असेल तर 'कमरेत सुई दिली होती ना, त्याचंच'. आमच्या ओळखीतल्या किती बायका ही सुई वीस वर्षे मनात घेऊन फिरतात! सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते. पण पहाटे झोपमोड करणारे, सहरीला उठताना आखडवणारे, भाकरी थापता थापता सुटणारे वर्षानुवर्षांचे दुखणे त्या सुईच्या माथी मारू नये.

अर्थात सकाळी कंबर धरली की हाच आजार, असेही नाही. आपल्या जिल्ह्यांत याची सोंगे घेणारे आणखी तीन आजार आहेत. एक मणक्याचा टीबी. त्यात संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे, आणि दुखणे एकाच जागी, जे दिवसभर सुटत नाही. दुसरा सिकलसेल. आपल्या भागातल्या अनेक समाजांत तो आहे, हाडांत कळा येतात, तरुणपणीच खुब्याचे हाड निकामी होते. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती करून घ्यावी. तिसरा फ्लोरोसिस, पाण्यातला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड दर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर आहे. वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन कणा असाच ताठ होतो, एक्सरेही फसवू शकतो. तिथे एका घराचा नव्हे, गावाचा प्रश्न असतो, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर होणे, पायांतली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही झाले, तर कोणता आजार याचा विचार घरी करत बसू नये, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

तपासण्यांत लोक फसतात ते तीन ठिकाणी. 'आरए टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे संधिवात नाही' असे कोणी सांगेल. ती टेस्ट दुसऱ्या संधिवाताची, या आजारात ती बहुधा निगेटिव्हच असते. 'एक्सरे नॉर्मल आहे' असेही सांगतील. सुरुवातीची काही वर्षे एक्सरे नॉर्मल असू शकतो. शिवाय आपल्याकडे एक्सरे कमरेच्या मणक्यांचा काढतात आणि आजार सुरू होतो त्याखालच्या सांध्यांत. तेव्हा 'साहेब, त्या खालच्या सांध्यांचाही फोटो लागेल का?' असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. लवकरच्या अवस्थेत तिथला एमआरआय जास्त सांगतो. तिसरी गोष्ट एचएलए-बी२७ नावाची रक्ततपासणी. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी या आजाराशी तिचा संबंध दाखवला. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असे नाही, हा गुण अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. निगेटिव्ह आली म्हणून सुटका झाली असेही नाही. दाह दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्याही काहींच्या नॉर्मल असतात. शेवटी नीट ऐकून घेणारा डॉक्टर लागतो. असा तज्ज्ञ चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर, नागपुरात. सिरोंच्याच्या माणसाला तर गडचिरोलीच दोनशे किलोमीटर पडते. जाण्याआधी दुखण्याचे तपशील एका कागदावर लिहून न्यावेत: केव्हा सुरू झाले, पहाटे किती वाजता जाग येते, आखडण किती मिनिटे टिकते, डोळा कधी लाल झाला होता. पाच मिनिटांच्या भेटीत हा कागद फार काम करतो.

आजार समूळ जात नाही, पण त्याला रोखता येते, आणि जितके लवकर तितके जास्त. पहिले औषध दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. त्या घेतल्यावर एक-दोन दिवसांत मोठा फरक पडणे हीही या आजाराची एक खूण मानतात. पण पोट आणि मूत्रपिंड यांना त्या त्रास देतात, म्हणून मेडिकलमधून स्वतः घेऊन चालवू नयेत. रोजे असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून इफ्तार-सहरीच्या जेवणाबरोबर वेळ बसवून घ्यावी, रिकाम्या पोटी गोळी नको. एवढ्याने भागले नाही तर बायोलॉजिक नावाची इंजेक्शने आहेत. भारतीय कंपन्या ती बनवू लागल्यापासून दर उतरले आहेत, तरी गरीब घराला जडच. आता काही गोळ्याही निघाल्या आहेत. ही औषधे सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, आपल्या भागात तर नक्कीच, कारण दबलेला टीबी त्यांनी उसळू शकतो. सरकारी योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. बिडी-सिगारेट मात्र आजच सोडावी, तिने हा आजार जोरात पुढे जातो.

आणि व्यायाम. रोजचा, औषधाइतकाच ठरलेला. पाठ मागे ताणण्याचे, मान वळवण्याचे, छाती भरून श्वास घेण्याचे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, जमेल तिथे पोहावे. पातळ उशी, कडक गादी, दिवसातून पंधरा-वीस मिनिटे पालथे पडणे. कणा जुळायचाच असेल तर तो वाकडा न जुळता सरळ जुळावा, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. काही जण विचारतात, नमाज हाच व्यायाम नाही का? रुकू-सजद्याने सांधे हलते राहतात हे खरे. पण नमाज इबादत आहे, ती फिजिओथेरपीच्या जागी ठेवू नये आणि तिच्यासाठी पाठही मोडू नये. ह. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहणे जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढण्याची मुभा दिली, हे बुखारी शरीफमध्ये आहे. त्यात वयाची अट नाही. फजरला खुर्ची घेऊन जोहरला सफमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाने ही मुभा प्रामाणिकपणे पाळली आहे. हे आम्ही मुलाला सांगितले. त्याने मशिदीतल्या मित्रांना सांगितले असावे, कारण आता कोणी हसत नाही म्हणे.

आम्ही त्या घरी गेलो होतो तेव्हा माफी मागायची होती. त्याला अकरावीतला तो प्रसंग आठवत होता. "जाऊ द्या मॅडम," एवढेच म्हणाला. मान पूर्ण वळत नाही, म्हणून बोलताना सगळे अंग आमच्याकडे वळवून बसला होता. औषधाने रात्रीची झोप परत आली आहे, डोळा वर्षभरात लाल झालेला नाही. जुळलेले मणके सुटणार नाहीत, वरचे वाचवायचे आहेत. रोज असरनंतर तो अर्धा तास व्यायाम करतो, दुकानाच्या मागेच, टायरच्या ढिगाशेजारी चटई टाकून.

निघताना त्याच्या अम्मीने आम्हाला स्वयंपाकघरात नेले आणि दार लोटले. धाकटी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून सकाळी टाच टेकवत नाही, आणि पहाटे उठून अंगणात फिरत असते. तिच्यासाठी राजुऱ्याहून स्थळ आले आहे, माणसे चांगली आहेत. "आत्ता तपासलं आणि निघालं तर? लग्न होऊ दे, मग बघू, असं हे म्हणतात."

आम्ही तिला दहा वर्षांचा हिशेब पुन्हा मांडून दाखवला, तिच्याच मुलाचा. मुलीला आजार असेलच असे नाही. असला तर आज तो टाचेत आहे, कण्यात नाही. वेळेवर औषध घेणाऱ्या मुली संसार करतात, त्यांना मुलेबाळे होतात, फक्त गरोदरपणात कोणते औषध चालते हे आधी विचारून ठेवावे लागते. लपवून लग्न केले तर मात्र सासरी पहिल्याच हिवाळ्यात 'नवी सून सकाळी उठत नाही' असे सुरू होईल, आणि त्या वेळी ती बिचारी काय सांगणार? स्थळाला थांबायला सांगा, तपासणी करा, जे निघेल ते सांगून टाका. एवढे बोलून आम्ही निघालो. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

परवा तिचा फोन आला. येत्या मंगळवारची वेळ मिळाली आहे, सकाळच्या गाडीने मुलीला घेऊन नागपूरला निघायचे आहे. कागदावर काय काय लिहायचे ते पुन्हा एकदा सांगा, म्हणाली.